भर दुपारची तहान
(बदलते हवामान आणि आपले आरोग्य)



आज प्रायश्चित्तकाळाचा तिसरा रविवार. आजची वाचने तहानेची आहेत. पहिल्या वाचनात रानात पाण्यावाचून व्याकूळ झालेले इस्राएल लोक मोशेशी भांडतात आणि शुभवर्तमानात प्रभू येशू शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. ह्या स्त्रीवर आपण आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. याकोबाची विहीर, तिचे पाच नवरे, जिवंत पाणी हे सारे आपल्याला पाठ आहे. परंतु संत योहानाने जाता जाता टिपलेल्या एका गोष्टीकडे आपण फारसे पाहत नाही. ती म्हणजे वेळ. यहुदी गणनेप्रमाणे तो सहावा तास होता, म्हणजे आपले दुपारचे बारा. प्रभू चालून चालून दमला होता आणि विहिरीपाशी टेकला होता. देवाचा पुत्र उन्हाने थकतो, त्याच्या घशाला कोरड पडते आणि पाणी काढायला त्याच्यापाशी साधा पोहरादेखील नसतो.

आज मी ह्या बारा वाजताच्या उन्हाविषयीच लिहिणार आहे. हवामान बदलते आहे, हे वाक्य आता वर्तमानपत्रांत रोज येते आणि रोज आल्यामुळे आपण ते वाचतही नाही. वितळणारा बर्फ कुठे तरी उत्तर ध्रुवावर असतो, अस्वले तिकडची असतात. हा बदल आपल्या घरी येतो तो माणसाच्या शरीरावाटे. म्हणून सुरुवात शरीरापासून करू या.

पवित्र शास्त्रातील दोन मृत्यू

यूदीथच्या ग्रंथातील आठव्या अध्यायात तिचा नवरा मनश्शे कसा वारला, ते अगदी थोडक्यात सांगितले आहे. जवाच्या कापणीचे दिवस होते. शेतात पेंढ्या बांधणाऱ्या माणसांवर देखरेख करीत तो उभा होता. ऊन त्याच्या डोक्याला लागले, त्याने अंथरूण धरले आणि आपल्याच गावी, बेथुलियात, तो गेला. (हा ग्रंथ आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये नसतो, तेव्हा हा दाखला आपल्याच वाट्याला आला आहे. आपणही तो क्वचितच उघडतो, ही गोष्ट वेगळी.)

दुसरा मृत्यू राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील चौथ्या अध्यायात आहे. अलीशा संदेष्ट्याच्या आशीर्वादाने शूनेम गावच्या बाईला झालेला एकुलता एक मुलगा कापणीच्या दिवसांत बापाकडे शेतावर जातो. तिथे तो डोके धरून ओरडू लागतो. गडी त्याला उचलून आईकडे आणतो आणि भर दुपारी तिच्या मांडीवर तो प्राण सोडतो. पुढे अलीशा त्याला उठवतो, म्हणून आपल्याला ती कथा चमत्काराची म्हणून आठवते. कापणी, डोके आणि दुपार ह्या तीन गोष्टी एकत्र वाचल्या तर आजचा कोणीही डॉक्टर पहिली शंका उष्माघाताचीच घेईल.

मनश्शे श्रीमंत होता. तो नुसता उभा होता. त्याच उन्हात वाकून पेंढ्या बांधणाऱ्या माणसांचे त्या दिवशी काय झाले, ते मात्र ग्रंथ सांगत नाही. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

गच्चीवरचा मुलगा

गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या सभागृहाच्या गच्चीचे काम चालू होते, ते तुम्हांला ठाऊक आहेच. पावसाआधी ते उरकावे म्हणून मी कंत्राटदाराच्या सारखा मागे लागलो होतो. एके दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मी जेवून पंख्याखाली आडवा झालो असताना वर गलका झाला. जाऊन पाहतो तर बावीस-तेवीस वर्षांचा, जव्हारकडचा एक मुलगा वाळूच्या ढिगाशेजारी पडला होता. त्याला उलटी झाली होती आणि तो काहीतरी असंबद्ध बरळत होता. मी म्हणालो, "ह्याने घेतली आहे. सावलीत झोपू द्या, उतरेल."

हन्ना मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करीत होती तेव्हा एली याजकाला वाटले की ती प्यालेली आहे. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथातील तो प्रसंग मी धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकदा शिकवला आहे आणि एलीला नावेही ठेवली आहेत.

सुदैवाने आपल्या धर्मग्रामात परिचारिकांची वाण नाही. समोरच्या आळीतील एक भगिनी रात्रपाळी करून घरी झोपली होती, ती आवाज ऐकून धावत आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे एकदाच पाहिले. मग त्याचा शर्ट काढायला लावला, टाकीतल्या पाण्याच्या बादल्या त्याच्या अंगावर ओतायला लावल्या, दोघांना पुठ्ठ्याने वारा घालायला बसवले, घरून बर्फ आणवून त्याच्या मानेशी, काखेत आणि जांघेत ठेवला आणि १०८ क्रमांकाला फोन केला. कोणीतरी त्याच्या तोंडाला पाणी लावत होते, त्याला तिने थांबवले. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाते. एक काका कांदा घेऊन आले होते, त्यांना तिने नम्रपणे बाजूला बसायला सांगितले. तीन दिवस इस्पितळात राहून तो मुलगा वाचला. मी आणखी तासभर त्याला सावलीत 'उतरू' दिले असते तर आज हा लेख मी लिहिला नसता, किंवा वेगळा लिहिला असता.

मडके आणि शरीर

त्या दिवशी तापमापकावर पारा काही फार चढलेला नव्हता. मग असे का झाले? हे समजण्यासाठी तुमच्या स्वयंपाकघरातील माठाकडे पाहा. माठातले पाणी थंड होते ते माठ पाझरतो म्हणून आणि तो पाझर हवेत सुकतो म्हणून. सुकताना तो आतली उष्णता घेऊन जातो. तोच माठ जुलै महिन्यात भरून ठेवा. तो बाहेरून ओला दिसेल, पण पाणी कोमटच राहील. हवेतच इतके पाणी असते की पाझर सुकायला जागाच नसते.

आपले शरीर असाच एक माठ आहे. संत पौल म्हणतो की आपली संपत्ती मातीच्या भांड्यांत ठेवलेली आहे, ते मला आता फार शब्दशः पटते. शरीराचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असावे लागते. नुसते बसून असलेले माणसाचे शरीरही जुन्या १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार करते, घमेले उचलणाऱ्याचे त्याच्या कित्येक पट. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण नुसता गळून जमिनीवर पडलेला घाम काहीही घेऊन जात नाही, उलट शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे संपते. आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की मेंदू गोंधळतो, बोलणे असंबद्ध होते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ह्याने दारू घेतली आहे. घाम थांबला म्हणजेच उष्माघात, असेही नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला घाम येत असतानाच उष्माघात होतो.

शास्त्रज्ञ ह्यासाठी दुसरा एक तापमापक वापरतात. पाऱ्याच्या टोकाला ओले मलमल गुंडाळून वाऱ्यावर धरायचे. हवा कोरडी असेल तर तो बराच खाली दाखवतो, दमट असेल तर जवळजवळ नेहमीच्या तापमापकाइतकाच. २०१० साली दोन शास्त्रज्ञांनी मांडले की हा ओला पारा ३५ अंशांवर गेला तर सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनही धडधाकट माणूस काही तासांपलीकडे तगू शकणार नाही. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०२२ साली आले, ते अधिक काळजीचे होते. दमट हवेत हलकी हालचाल करतानाही शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच सुटू लागतो. हे तरुणांचे झाले. आपल्या वाडीतील सत्तरीच्या आजीचे काय?

म्हणूनच भारतीय हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागाला ४० अंशांची अट लावते आणि किनाऱ्याला ३७ अंशांची. विदर्भातील पाहुणे आपल्याला हसतात, "अडतीस अंशांत कसले घाबरता?" पण नागपूरचा माठ मे महिन्यात पाणी गार करतो, आपला करीत नाही. आणि आपल्याकडे ऊन मे महिन्याची वाटही पाहत नाही. मार्चमध्ये जमिनीवरून पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्राचे खारे वारे दुपार टळली तरी येत नाहीत, आणि पारा एकदम उसळतो. मुंबईतील मार्च महिन्याचा ४१.७ अंशांचा उच्चांक २८ मार्च १९५६ चा आहे. म्हणजे ऊन नवे नाही. नवे काय आहे, ते पुढे पाहू.

दाखल्यावर न लिहिलेले कारण

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला जवळचे कारण आणि दूरचे कारण ह्यांतला फरक घोकून घ्यावा लागे. तेव्हा ते कंटाळवाणे वाटे. धर्मगुरू झाल्यावर मृत्यूचे दाखले हाताळू लागलो, तेव्हा त्याचा अर्थ कळला. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असे लिहिलेले असते. मूत्रपिंड निकामी झाले, पक्षाघाताचा झटका आला, असे लिहिलेले असते. ते खोटे नसते. पण पत्र्याच्या खोलीत सलग चार रात्री झोप न मिळालेल्या, लघवी होण्याची गोळी रोज घेणाऱ्या, पाणी कमी प्यालेल्या म्हाताऱ्या माणसाचे हृदय त्याच आठवड्यात का थांबले, हे दाखला विचारत नाही. रात्रीही गारवा नसला की शरीराला उसंत मिळत नाही. ऊन दाखल्यावर आपले नाव सहसा सोडत नाही.

मग ते मोजायचे कसे? त्या दिवसांत एरवी जितकी माणसे दगावतात त्यापेक्षा किती अधिक दगावली, ते पाहून. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. पुढे हिशेब केला तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. गावात लढाई नाही, साथ नाही, आणि तेराशेवर माणसे गेली. त्यातून शहाणे होऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला. तो काही मोठा खर्चिक नव्हता. आधी इशारा देणे, पाणपोया, बागा दुपारी उघड्या ठेवणे, दवाखान्यांत तयारी, डॉक्टर-परिचारिकांना शिकवणे. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मृत्यू कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले.

फ्रान्सचे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली. एकूण ७०,००० हून अधिक माणसे दगावली, एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,०००. त्यांत बहुतेक वृद्ध होते. देश श्रीमंत, इस्पितळे उत्तम. पण ऑगस्ट हा तिकडे सुट्टीचा महिना, मुले-नातवंडे समुद्रावर गेलेली, शेजारी गावाला गेलेले, आणि म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर बंद खिडक्यांआड एकटी. पॅरिसमध्ये शेवटी ५७ देह असे उरले की त्यांना न्यायला कोणीच आले नाही. ३ सप्टेंबर २००३ रोजी देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत त्यांना मूठमाती देण्यात आली. ती माणसे उन्हाने मेली हे खरे. दार वाजवायला कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

आपल्या धर्मग्रामातील किती घरांत आज फक्त आई-वडील आहेत आणि मुले आखातात, कॅनडात किंवा मिरा रोडच्या फ्लॅटमध्ये आहेत, ते मला घरभेटी देताना दिसते. व्हिडिओ कॉलवर मुले विचारतात, "जेवलीस का?" खोलीत किती उकडते ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

उन्हाला बळ कोणी दिले?

ऊन तर पूर्वीही होते, असे म्हणणाऱ्या काकांचे बरोबर आहे. शूनेमच्या मुलाच्या वेळी मोटारगाड्या नव्हत्या. पण यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी हवेतील दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि वायू जाळून आणि जंगले तोडून आपण हे केले. ही गोधडी जाड झाली तशी पृथ्वी तापत गेली. २०२४ हे वर्ष यंत्रयुगापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण ठरले. दीड अंशाने काय होते, असे वाटेल. आपल्या अंगात दीड अंश ताप चढला की आपण काय करतो, ते आठवा. शिवाय हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते आणि आपला शेजारी अरबी समुद्रही तापतो आहे. म्हणजे किनाऱ्यावरच्या माठाचे दुहेरी नुकसान.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी तिथल्या परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता, ४५ नव्हे. त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेशात दमट उष्णतेची जी लाट आली तिचा शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यास केला. हवामान बदलामुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान ३० पटींनी वाढली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अभ्यास खारघरविषयी नव्हता आणि एखाद्या मृत्यूचे खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही. पण जो फासा पूर्वी क्वचित पडे, तो आता वारंवार पडू लागला आहे.

उन्हानंतर पाऊस येतो आणि त्याच्याबरोबर त्याचे आजार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोचे रुग्ण कसे वाढले ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. डेंग्यूचे गणित तर सरळ आहे. डासाने रुग्णाला चावल्यावर विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोहोचायला हवा २५ अंश असेल तर सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंश असेल तर साडेसहा दिवस. डासाचे आयुष्यच मुळी थोडे, तेव्हा ह्या आठ दिवसांनी सारा फरक पडतो. इथे एक गैरसमज दूर करतो. डास होतात म्हणून बावखले बुजवावीत, असे काही जण मला सांगतात. (बावखलाच्या जागी पुढे काय उभे राहते, तेही मी पाहिले आहे.) डेंग्यूचा डास मासे असलेल्या बावखलात वाढत नाही. तो फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये, मनी प्लांटच्या बाटलीत वाढतो. आणि आपल्या दफनभूमीत थडग्यांवर ठेवलेल्या फुलदाण्यांत. आपल्या प्रियजनांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या त्या पाण्यातून आपण जिवंत माणसांना आजारी पाडतो. त्यांत ओली वाळू भरा, फुले तितकीच टिकतील.

द्राक्षमळ्यातील सकाळची माणसे

आपल्या वसईत झाडापाण्याविषयी धर्मगुरूने बोलणे नवे नाही. कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी हरित वसईसाठी काय केले ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले तेव्हा त्यांनीही हेच सांगितले की निसर्गाची हानी आणि गरिबाचे हाल ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच दुखण्याची ती दोन अंगे आहेत. गच्चीवरच्या त्या मुलाने मला तो परिच्छेद समजावून सांगितला.

कारण ऊन सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याला थांबता येते त्याच्यावर ते कमी पडते. मला त्या दुपारी थांबता आले. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत पत्र्याखाली यंत्र चालवणाऱ्याला, मिठागरातल्या मजुराला, सुकी मासळी उलथवणाऱ्या बाईला, आपल्याच केळीच्या वाड्यांत राबणाऱ्या आदिवासी भगिनींना थांबता येत नाही. थांबले तर त्या दिवसाची मजुरी जाते. त्या मुलाला चक्कर येते आहे हे अकरा वाजल्यापासून कळत होते, असे त्याने नंतर मला सांगितले. तो बोलला नाही, कारण अर्धा दिवस भरला तर अर्धेच पैसे मिळतात.

संत मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवा. सकाळपासून राबलेले मजूर कुरकुर करतात की आम्ही दिवसभराचे कष्ट आणि ऊन सोसले, आणि शेवटचा एक तास आलेल्यांनाही तेवढेच दिले. आपण नेहमी त्या मजुरांना मत्सरी ठरवून मोकळे होतो. मला अलीकडे वाटते की त्यांच्या तक्रारीतला उन्हाचा उल्लेख प्रभूने मुद्दाम ठेवला आहे. ती तक्रार करणारी माणसे खोटे बोलत नव्हती. आणि मालकाने काय केले? सायंकाळच्या गारव्यात जेमतेम एक तास काम केलेल्याला पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण त्याच्याही घरी चूल पेटायची होती. मग दुपारी चार तास काम बंद ठेवून मजुराला पूर्ण रोज देणे हे काही अव्यवहार्य नाही. त्याला शुभवर्तमानाचा आधार आहे.

शरीराची एवढी काळजी कशाला, आत्मा महत्त्वाचा, असे म्हणणारे काही जण अजून आहेत. संत थॉमस अक्वायनस ह्यांचे मत नेमके उलट होते. नुसता आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, असे त्यांनी शिकवले. शरीर हे आत्म्याचे भाड्याचे घर नाही. म्हणूनच आपण पुनरुत्थान शरीराचे मानतो, आणि म्हणूनच शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला पहिल्या काही प्रश्नांत विचारणार आहे तो पाण्याचा प्रश्न.

ह्या उन्हाळ्यापुरते

जगाचा कोळसा आपले धर्मग्राम बंद करू शकत नाही. आपल्या हातात जे आहे ते धर्मग्राम समितीने मागच्या बैठकीत ठरवले आहे, ते असे.

झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक सकाळी साडेसहाला निघेल. गुड फ्रायडेची रस्त्यावरील क्रुसाची वाट दुपारऐवजी पहाटे साडेपाचला होईल. तीन वाजताचा उपासनाविधी चर्चमध्येच होईल, दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे ठेवून. प्रथम कम्युनियनची मिस्सा सात वाजता होईल आणि मुलांच्या अंगावर कोट-टाय नको. ह्यावर काही पालक नाराज आहेत, ते मला ठाऊक आहे. मे महिन्यात लग्न असलेल्यांनी विधी सकाळी लवकर किंवा साडेपाचनंतर घ्यावा. मांडवात वाजंत्री वाजवणारे आणि भटारखान्यात राबणारेही माणसेच असतात.

फाटकापाशी दोन रांजण भरून ठेवले जातील. रोज भरण्याची जबाबदारी युवा संघाने घेतली आहे. टपालवाला, कुरिअरची मुले, रिक्षावाले, कोणीही पाणी घ्यावे. कोणीही धर्म विचारू नये. शोमरोनी स्त्रीनेच तेवढी एक शंका काढली होती.

प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने आपल्या आळीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि आजारी माणसांची यादी करावी. उन्हाच्या दिवसांत रोज दुपारी एकदा आणि रात्री एकदा त्यांच्या दारी जावे. फोन नको, दारी जावे. खोली किती तापली आहे, पंखा चालू आहे का, माठात पाणी आहे का, लघवीला जाऊन किती वेळ झाला, एवढे विचारावे. आपल्याकडच्या उन्हात पंखा उपयोगी पडतो, पण पारा ४० अंशांच्या वर गेला तर तो अंगावर गरम हवाच फेकतो. तेव्हा ओल्या पंचाने अंग पुसावे. रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात त्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणी बरळू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागला तर आधी पाणी अंगावर, वारा, आणि १०८. दारूची शंका नंतर घ्यावी. ज्या भगिनीने त्या मुलाला वाचवले तिने आणि तिच्या दोन सहकारी परिचारिकांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हे प्रात्यक्षिक करून दाखवण्याचे कबूल केले आहे. प्रत्येक घरातून एकाने तरी थांबावे.

राहता राहिली सभागृहाची गच्ची. अर्धवट राहिलेले काम ईस्टरनंतर सुरू होईल. कामाची वेळ सकाळी साडेसहा ते अकरा आणि सायंकाळी साडेचार ते साडेसहा अशी राहील, रोज पूर्ण दिवसाचा दिला जाईल, आणि तसे कंत्राटात लिहून घेतले आहे. त्यामुळे खर्च वाढला आहे आणि काम निदान दहा दिवस लांबेल. मे महिन्यातील धर्मशिक्षण शिबिर सभागृहात घेता येणार नाही. ते आंब्याखाली भरेल. ज्यांच्याकडे जादा चटया असतील त्यांनी त्या ईस्टरच्या आठवड्यात पॅरिश ऑफिसात आणून द्याव्यात.